नाकशेठ आणि ताईचा मका

पुलाच्या अलीकडच्या वळणावर गिरणी होती आणि गिरणीत नाकशेठ होता. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. एक चक्की, एक वजनकाटा, पिठाने पांढरं झालेलं एक बाकडं आणि मागे दोन खोल्यांचं घर. नाक मात्र होतं. चेहऱ्याच्या मानाने चांगलंच मोठं. लहानपणी पोरं त्यावरून चिडवायची आणि मोठेपणी त्याच नाकाने त्याचं नाव केलं.

दळणाचा डबा समोर आला की तो झाकण काढायचा, हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातले मूठभर दाणे वर आणायचा आणि डोळे मिटून हुंगायचा. तेवढा वेळ डबा आणणारी बाई निकालाची वाट बघत असल्यासारखी उभी राहायची. "हे भिजून वाळलंय." "तुमच्या दुकानदाराने ह्यात मागच्या साली उरलेला माल मिसळलाय." "ह्याच्या शेजारी साबणाची वडी ठेवली होती का?" आणि कधी कधी तो काहीच न बोलता झाकण परत लावायचा, डबा हलकेच पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "काकू, हे नको. कुबट आहे. मी दळणार नाही." काकू नाक मुरडायच्या, पण त्याच्या नाकापुढे कोणाच्याच नाकाचं काही चालायचं नाही.

त्याची बायको म्हणायची, आधी ह्यांचं नाक जन्मलं आणि मग मागाहून हे आले. ती ठेंगणी, चटपटीत बाई होती. गिऱ्हाइकांचे डबे आत घेऊन रांगेने लावायचे, पीठ भरून झालं की डबे पुसून परत द्यायचे, हे काम तिचं. चक्की सुरू असली की दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी खुणांची एक भाषाच बनवली होती. दोन बोटं वर म्हणजे जरा जाड. कानाला हात म्हणजे पट्टा घसरतोय. पोटावर हात म्हणजे आता पुरे, जेवायला या.

एका हिवाळ्यात नाकशेठला ताप आला. चांगला सणसणून आला आणि बराच रेंगाळला. मग ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली. नाक तेवढं परत आलं नाही. आधी त्याला वाटलं सर्दी आहे, जाईल. एके दुपारी बायको बाहेर गेलेली असताना त्याने रॉकेलची बाटली उघडून नाकाशी धरली. पाणी हुंगावं तसं. कांदा चिरून धरला, डोळ्यांतून धारा लागल्या, वास नाही. स्वतःचा घामेजलेला सदराही हुंगून पाहिला. जग कोणीतरी धुऊन पुसून कोरडं करून ठेवलं होतं. जेवण म्हणजे नुसतं मऊ, कडक, गरम, गार.

त्याने कोणालाही सांगितलं नाही. ज्याचं नावच नाकावरून पडलंय, त्याने नाक गेलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? हात कोपरापर्यंत घालणं चालूच राहिलं, डोळे मिटणंही चालू राहिलं. फक्त आता तो दाणा बोटांत फिरवून बघायचा, उजेडात धरायचा, दाताखाली फोडायचा. कटकन फुटला तर सुका, दबला तर ओला. मग चेहऱ्यावर जुनंच गांभीर्य आणून म्हणायचा, "चालेल." कित्येक महिने गेले, एक तक्रार आली नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने हातालाच नाक फुटलं असावं, असं त्याला वाटायला लागलं.

पुलापलीकडच्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहायची. ताई. आई लवकर गेली तेव्हा ह्याला न्हाऊमाखू घालून मोठं केलं ते हिनेच, म्हणून केस पिकले तरी ती त्याला धाकट्याच म्हणायची. तिच्या नवऱ्याला तो दाजी म्हणायचा. दाजी कमी बोलणारा, उंच, मान किंचित पुढे काढून चालणारा माणूस. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. एक मक्याचा तुकडा, काही बदकं, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून एकमेकांच्या खोड्या काढणं, एवढा त्यांचा संसार.

त्या वर्षी मका काढणीला आला आणि अवकाळी पाऊस लागला. थांबेचना. दाजीला आधीच छातीचं दुखणं होतं. तरी त्याने भर पावसात कणसं खुडली, पाठीवरून वाहून आणली आणि घरामागच्या लाकडी कोठीत कोंबून भरली. शेतात राहिली असती तर कोंब फुटले असते. वाळवायला ऊन नव्हतं आणि थांबायला दाजीकडे वेळ नव्हता, हे पुढे कळलं. कोठीचं दार लावून तो ताईला म्हणाला, "झाली तुझी वर्षाची सोय." त्याच आठवड्यात तो झोपेतच गेला.

सगळं आटोपल्यावर शेजारी म्हणाले, मका विकून टाका, एकट्या बाईला एवढा कशाला? ताईने दार अडवलं. रोज सोलून थोडे दाणे काढायची आणि बाजाराच्या दिवशी लहानशी पिशवी घेऊन पूल ओलांडून भावाकडे यायची. रांगेत उभी राहायची नाही. थोरली बहीण ती, तिला कसली रांग? सरळ आत यायची आणि पिशवी त्याच्या हातात द्यायची.

"बघ रे धाकट्या, बरा आहे ना?"

तो डोळे मिटायचा, मोठा श्वास घ्यायचा, आणि दर वेळी तेच सांगायचा. "छान आहे ताई. दाजींचा हात लागलाय त्याला."

तिचा चेहरा निवायचा. पीठ होईपर्यंत ती बाकड्यावर बसून राहायची आणि पिशवी ऊबदार झाली की छातीशी धरून परत जायची. घरी त्याच पिठाची पेज, सकाळी आणि रात्री. दुसरं काही करत नसे. एकटीसाठी कशाला चूल फुंकायची, म्हणायची.

पुढे पुढे ती पुलाच्या मध्यावर थांबून दम खायला लागली. मग येण्यात खंड पडला. नाकशेठला वाटलं, दुःख आहे, अंगावर काढतेय. एका बाजाराच्या दिवशी ती आली तेव्हा त्याच्या बायकोने तिला उजेडात बसवलं, हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि चक्की बंद करायची खूण केली.

"ताईंचे डोळे बघा," ती म्हणाली.

डोळे पिवळे झाले होते. पाय सुजले होते, हात काडीसारखे आणि पोट मात्र टरटरलेलं. "अन्न नको वाटतं," ताई म्हणाली, "उमासे येतात. होईल बरं." तिचं कोणी ऐकलं नाही. गिरणीला कुलूप घालून दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ताईला ठेवून घेतलं. रक्त तपासलं, काविळीची नेहमीची कारणं शोधली, ती सापडली नाहीत. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि ताईशी गप्पा मारल्यासारख्या बोलत बसल्या. दारू? ताईला हसू आलं. कसली मुळीबिळी? नाही. जेवण काय? पेज. अजून? पेजच.

"घरी जनावरं आहेत का?"

"बदकं होती," ताई म्हणाली. "मेली सगळी. एकामागून एक. काही रोग आला असेल."

"त्यांना काय घालत होता?"

"पीठ चाळून राहिलेला कोंडा. कीड लागलेले दाणे."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग नाकशेठकडे वळून म्हणाल्या, "तो मका मला बघायचा आहे. वरचा नको. मधला आणि तळातलाही आणा."

दुपारी तो बायकोला घेऊन ताईच्या घरी गेला. मागच्या अंगणात बदकांचं रिकामं खुराडं होतं, दार उघडं. कोठीचा अडणा काढून त्याने दार ओढलं आणि आत पाऊल टाकलं. वरची कणसं बरी दिसत होती. हाताने बाजूला सारत गेला तसा खालचा थर लागला. दाण्यांच्या ओळींमधून हिरवट-पिवळी भुकटी बसली होती, कुठे कुठे दाणे एकमेकांना चिकटून काळे पडले होते. कणीस उचललं की भुकटी धुरासारखी उडत होती. तो वाकून बघत राहिला.

मागे वळून पाहिलं तर बायको उंबऱ्याबाहेरच उभी. तिने बाहीने नाक-तोंड दाबून धरलं होतं.

"बाहेर या," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"आत उभं राहवत नाही इतका घाण वास आहे. बाहेर या आधी, ती भुकटी छातीत जाईल." आणि तो तसाच उभा राहिलेला पाहून तिने आवाज खाली आणला. "तुम्हाला वास येत नाही. मला माहीत आहे."

तो बाहेर आला. दोघं खुराड्याच्या कडेला बसली. बराच वेळ तो हातावरची भुकटी झटकत होता.

"कधीपासून माहीत आहे?"

"तापातून उठलात त्याच्यानंतर दूध करपलं होतं, आठवतं? सगळं घर करपट वासाने भरलं. तुम्ही शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग थांबायचीच सवय झाली." ती म्हणाली. "नुसती थांबले नाही म्हणा. डबे मी आत घेते ना? एकेक उघडून हुंगून मगच तुमच्याकडे सरकवत होते. कुबट निघाला तर बाईला बाहेरच्या बाहेर परत पाठवायचे. म्हणायचे, शेठचा पट्टा तुटलाय, पुढच्या वेळी दुसरा माल आणा."

त्याला हाताला फुटलेलं आपलं नाक आठवलं आणि कानशिलं तापली. हे नाक त्याचं नव्हतंच. दोन बोटांची खूण करणाऱ्या ह्या ठेंगण्या बाईचं होतं, आणि इतके महिने ती ते गुपचूप त्याच्या चेहऱ्यावर बसवून देत होती.

"ताईंची पिशवी तेवढी माझ्या हाताखालून गेली नाही," ती म्हणाली. "त्या सरळ तुमच्याच हातात द्यायच्या. बहीणभावाच्या मध्ये मी कशाला नाक खुपसू, म्हटलं. खुपसायला हवं होतं."

रडायला तिने तोंड फिरवलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग आपल्या हातावरची भुकटी बघून तो पटकन काढून घेतला, नळावर जाऊन दोन्ही हात साबणाने धुतले आणि परत येऊन ठेवला.

मक्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले आणि काही दिवसांनी निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बसवून सांगितलं. विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. नाकशेठच्या जिभेला ते दोन-तीनदा अडखळलं, मग त्याने नाद सोडला.

"ओल्या मक्यावर बुरशी येते," त्या म्हणाल्या. "बुरशी झटकता येते. पण ती दाण्यात जे विष सोडते ते शिजवून जात नाही, दळून जात नाही, नंतर उन्हात घालूनही जात नाही. थोडं थोडं पोटात जात राहिलं तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही आणि यकृत आतल्या आत खराब होत राहतं, पुढे कर्करोगही होऊ शकतो. लहान मुलांची वाढच खुंटते. तुमच्या बहिणीच्या पोटात थोडं थोडं गेलेलं नाही. दोन्ही वेळा तेच, आणि तेवढंच."

"औषध काय ह्याच्यावर?" बायकोने विचारलं.

"उतारा असा नाही. ते खाणं बंद, आणि यकृताला सावरायला वेळ द्यायचा. वेळेत आणलंत. सावरतील असं वाटतं. पहिल्यासारख्या होतील असं मात्र मी म्हणत नाही."

नाकशेठने तेव्हा सगळं सांगून टाकलं. ताप, रॉकेलची बाटली, दाजींचा हात, सगळं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "ह्या वेळी कदाचित तुम्हाला कळलं असतं, हे मी नाकारत नाही. कुबट वास होता. पण मामा, विषाला स्वतःला वास नसतो. दिसायला चांगला, वासाला चांगला असा मालही विषारी निघतो. तुमचं नाक शाबूत होतं तेव्हाही त्याच्याखालून काही ना काही गेलंच असेल."

त्यांनी हे त्याच्या मनावरचं ओझं कमी व्हावं म्हणून सांगितलं, आणि ते थोडं कमी झालंही. पण बाहेर येऊन तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला तो उठेचना. नाक गेल्याचं दुःख त्याने एकट्याने कसंबसं पचवलं होतं. ते होतं तेव्हाही आपण समजत होतो तेवढं मोठं नव्हतं, हे गिळायला जड जात होतं. किती डब्यांवर "चालेल" म्हटलं होतं, किती घरांत ते पीठ गेलं होतं, कोणाची पोरं त्यावर वाढली होती. बायको शेजारी बसून राहिली. काही वेळाने तिने पोटावर हात ठेवला. तो उठला आणि तिच्यामागून चालू लागला.

खरं अवघड काम पुढेच होतं. ताईला सांगायचं. ती खिडकीजवळच्या खाटेवर होती, उशीला टेकून. पिवळेपणा थोडा उतरला होता. तिला मका बंद केल्याचं माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. नाकशेठ स्टुलावर बसला आणि तिच्या पांघरुणाची दुमड सारखी करत राहिला.

"बोल की," ताई म्हणाली. "लहानपणी काही फोडलंस की असाच बसायचास."

"ताई, मक्यात बुरशी होती. विषारी. त्यानेच हे झालंय."

ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. "ह्यांच्या हातचं मला बाधेल?" तिने हळूच विचारलं. "जाता जाता माझी सोय करून गेले ते. त्याने मी आजारी पडले असं म्हणतोस?"

"दाजींनी पेरलं ते चांगलं होतं, काढलं तेही चांगलं होतं. ओलं कोंडून राहिलं म्हणून नंतर बिघडलं. पाऊस कोणाच्या हातात असतो? दाजी असते तर ऊन पडल्याबरोबर त्यांनी सगळं बाहेर काढून पसरलं असतं."

"हो. तेवढी चिकाटी होती त्यांच्यात." तिने पांघरूण वर ओढलं. "ते गेले ते ह्याच्यामुळे नाही ना?"

"नाही. डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं. त्यांनी त्यातला दाणा खाल्लाच नव्हता. छातीचंच होतं ते."

तिने सुस्कारा सोडला. मग तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं. "पण तू तर दर वेळी म्हणायचास, छान आहे."

"मला वास येत नाही, ताई. ताप आला होता तेव्हापासून. काहीच येत नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो."

तो वाट बघत राहिला. ती रागावेल, रडेल, निदान तोंड फिरवेल असं त्याला वाटलं होतं. ताईने त्याचं मनगट धरलं.

"काहीच नाही? जेवणाचासुद्धा?"

"नाही."

"म्हणजे चवही नसेल. अरे, मग इतके महिने जेवलास कसा रे तू?" आणि तिचे डोळे भरून आले. "मी येऊन बसायचे, तुझ्यासमोर माझंच रडगाणं. तुला एकदाही विचारलं नाही, बाबा, तू का वाळलास."

आता मात्र नाकशेठला आवरेना. पन्नाशी उलटलेला माणूस बहिणीच्या खाटेवर डोकं टेकून पोरासारखा रडला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने शहाणपणाने कूस बदलली.

तो शांत झाल्यावर ताई म्हणाली, "आणि खोटं काय एकटा तूच बोललास? मला येत होता वास. कोठी उघडली की यायचा. पहिल्यांदा वाटलं टाकावं. मग वाटलं, टाकला तर संपलंच सगळं. म्हणून तुझ्याकडे आणायचे. तू छान म्हणालास की मला घरी जाऊन निवांत खाता यायचं." तिने नाक पुसलं. "चांगली जोडी आहे आपली. एकाला वास येत नाही आणि एकीला येऊन उपयोग नाही."

दाराशी उभी असलेली त्याची बायको हे ऐकून हसली, आणि मग तिघंही हसली, परिचारिका डोकावून जाईपर्यंत.

ताई घरी परतली ती आधी भावाच्याच. भाजी, डाळ, मऊ भात असं हळूहळू सुरू झालं. तिला भूक लागेना. नाकशेठलाही जेवणात काही कळत नव्हतं. दोघांना शेजारी बसवून बायको वाढायची आणि दोघांना सांगत राहायची. "हे बघा, जिरं टाकलंय, तडतडलं की खमंग वास येतो तसा येतोय. आता लिंबू पिळते, दात जरा आंबतील." आधी नाकशेठला अवघडल्यासारखं झालं. मग तो विचारायला लागला. मग ताईही विचारायला लागली. एके दिवशी बायको वाढायला विसरून वर्णनातच रमली तेव्हा ताई म्हणाली, "वहिनी, आता वाढशील का? मला खरंच भूक लागली आहे."

ती उठून हिंडायला लागल्यावर कोठीचा विषय निघाला. शेजारचा गवळी म्हणाला, माणसाला चालत नसेल तर मला द्या, म्हशींना घालतो. नाकशेठने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. ते विष दुधातून परत माणसाकडे येतं. त्याने गवळ्याला तसं सांगितलं, आणि गवळ्याचा विश्वास बसेना तेव्हा त्याला रिकामं खुराडं दाखवलं. मग गवळीच फावडं घेऊन मदतीला आला.

शेताच्या वरच्या बाजूला, विहिरीपासून लांब, खोल खड्डा केला. तोंडाला फडकी बांधून त्यांनी टोपल्या ओतायला सुरुवात केली. ताईला घरीच बस म्हटलं होतं, ती आली. पालथ्या टोपलीवर, वारा मागून येईल अशा बाजूला, तिला बसवलं. प्रत्येक टोपली जाताना ती बघत होती. अर्धा खड्डा भरल्यावर ती कोणाकडेही न बघता, संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायची तशा आवाजात म्हणाली, "अहो, हा नाही ठेवत आता. मला अजून थोडं राहायचं आहे." नाकशेठने फावडं खाली ठेवलं आणि ती पुढे काही बोलते का ते बघितलं. तिने हातानेच चालू द्या अशी खूण केली. मग त्यांनी उरलेल्या टोपल्या ओतल्या, वरून चुना टाकला आणि माती लोटली.

गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा नाकशेठने पहिल्याच दिवशी रांगेतल्या बायकांना सांगून टाकलं. मला वास येत नाही, कधीचाच येत नाही, आणि येत होता तेव्हाही सगळं कळत होतं अशातला भाग नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण म्हणाली, मग आता तुम्हाला शेठ कशावरून म्हणायचं? तो म्हणाला, वजनकाट्यावरून म्हणा.

बायकोची खुर्ची आतल्या कोपऱ्यातून दारात आली. गिऱ्हाइकांसमोर ती डबा हुंगायची, तो ताटात ओतून निवडायचा, बुरशीचे, काळे, सुरकुतलेले दाणे बाजूला काढायचा. फार निघाले तर दळण परत. काही लोक चिडून पलीकडच्या गिरणीत गेले आणि आलेच नाहीत. त्याचं त्याला वाईट वाटायचं, पण तो डबा त्याने पुन्हा पुढे ओढला नाही. पेरणीच्या आधी डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने शेतकी कार्यालयातली माणसं एकदा येऊन गेली. नमुना तपासायला कसा पाठवायचा, कणसं जमिनीपासून उंच कशी वाळवायची, हे त्यांनी बाकड्यावर बसून समजावलं. नाकशेठ पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकून घेत होता, असं बायको म्हणते.

ताईचं यकृत पूर्ण सुधारलं नाही. थकवा येतो, जड काही चालत नाही, आणि ठरावीक काळाने तपासायला जावं लागतं. प्रत्येक वेळी भाऊ सोबत असतो आणि निकाल कळेपर्यंत दोघं व्हरांड्यात एकमेकांशी काहीतरी फालतू वाद घालत बसतात. पुढच्या हंगामात तिने शेत एका नव्या जोडप्याला कसायला दिलं. त्यांची मुलगी नुकतीच वरचं खायला लागली होती. कणसं खुडली तशी ताईने एकही कोठीत जाऊ दिलं नाही. अंगणात बांबूचा उंच माचा घालून घेतला आणि सगळी कणसं त्यावर पसरायला लावली. दिवसभर खुर्ची टाकून ती तिथेच. आभाळ आलं की हाका मारून सगळ्यांना झाकायला पळवते, ऊन आलं की पुन्हा उघडायला लावते.

परवा नाकशेठ गेला तेव्हा पोरीची आई वैतागून म्हणाली, "मामा, तुम्ही तरी सांगा आत्यांना. वाळला की आता. किती दिवस उलटापालटा करायचा?"

नाकशेठने एक दाणा काढून दाताखाली धरला. कटकन फुटला. त्याने ताईकडे पाहिलं.

"अजून दोन उन्हं लागू देत," ताई म्हणाली, आणि मांडीवरच्या पोरीच्या हातातलं कणीस सोडवून घेत तिने तिला लाकडी चमचा दिला.